बँकेने पाठवलेली वाटी

माझ्या बायकोच्या मावशीचा ज्याच्यावर पुरता विश्वास बसेल असा माणूस अजून जन्माला यायचाय, आणि उद्या जन्मलाच तर मावशी आधी दवाखान्यात जाऊन नर्सला विचारेल की हा खरोखर आजच जन्मला की कालचाच आज दाखवताय. (तोंडावर मी तिला अहो-जाहोच करतो, जावई आहे बाबा, पण लिहायला बसलो की बायकोच्या तोंडची एकेरी मावशीच कागदावर उतरते, त्याला माझा इलाज नाही.) संशय हा काहींचा स्वभाव असतो, काहींचा आजार असतो. मावशीचा तो व्यायाम आहे. सकाळी उठून लोक फिरायला जातात, त्या वेळेला ती गॅसचं सिलिंडर ताणकाट्याला टांगून बघते. दूधवाला होता तेव्हा दुधाचा थेंब नखावर घेऊन तो कसा ओघळतो ते निरखायची. मग सीलबंद पिशव्या आल्या, तेव्हा आम्हाला वाटलं आता तरी सुटका झाली. तिने पिशवीवरची तारीख वाचली, पिशवी उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "तारीख काय, कोणीबी छापील." नांदेडला माहेरी निघाली की सिकंदराबाद स्टेशनावर गाडीची पाटी वाचते, डब्यात शिरून तीन जणांना विचारते, "ही नांदेडलाच जाते ना?" तिघं हो म्हणाले की चौथ्याला बाजूला घेऊन विचारते, "हे तिघं कुठले?" मोबाइलवर आलेला सहा आकडी नंबर कोणाला सांगू नका असं त्या मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, म्हणून ती तो स्वतःशीसुद्धा मोठ्याने वाचत नाही. मला खुणेने जवळ बोलावते, मोबाइल दाखवते, आणि मी आकडे ओठांवर आणले की माझ्याकडे अशी बघते की मीच चोर.

तिचा आवडता शब्द 'कामून'. पुण्यात आम्ही 'का' म्हणतो आणि मोकळे होतो. मराठवाड्यातल्या 'कामून'मध्ये मात्र नुसतं कारण विचारलेलं नसतं, त्यात उलटतपासणीची सुरुवात असते. भाजीवाल्याने स्वतःहून कोथिंबिरीची काडी जास्त टाकली तर, "कामून?" रिक्षावाला मीटरप्रमाणे चला म्हणाला तर, "कामून?" एकदा मी तिच्या वाढदिवसाला चांगली नारायणपेठी साडी नेली. तिने घडी उलगडली, काठ बघितला, पदर बघितला आणि माझ्या बायकोला स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, "जावईबापूंनी काही घोळ केलाय का गं?" लग्न होऊन ती चिक्कडपल्लीत आली त्याला आता तीस वर्षं तरी झाली असतील. तेवढ्या काळात तिच्या मराठीत दख्खनी शिरली, तेलुगू शिरली, 'नक्को' आलं, 'हौ' आलं, पण 'कामून'ची जागा कुठल्याही भाषेला घेता आली नाही.

विद्यानगरात तिचं पोळ्यांचं दुकान आहे. हैदराबादेत भात घरी लावायचा आणि भाज्या, आमटी, रस्सा करी पॉइंटवरून पिशवीत बांधून आणायचा अशी सोयीस्कर पद्धत आहे. पोळी मात्र कुणाला धड जमत नाही. हे मावशीने कधीच ओळखलं होतं. एका करी पॉइंटच्या शेजारची मलगी, म्हणजे दुकानाचा गाळा, तिने भाड्याने घेतली, त्यात दोन तवे मांडले आणि पोळ्या विकायला लागली. जवळ विद्यापीठ, आजूबाजूला परीक्षांचे क्लास, खोल्या करून राहणारी पोरं. पोळी, शेंगदाण्याची चटणी आणि शनिवारी भरली वांगी. यातल्या कितीतरी पोरांना ती महिनाभर खातं देते. आता जी बाई सीलबंद दुधावर विश्वास ठेवत नाही ती परक्या पोरांना उधार कशी देते, असा प्रश्न कुणालाही पडेल. मलाही पडला होता. त्याचं उत्तर एका स्टीलच्या वाटीत आहे.

नवीन माणूस आजूबाजूला राहायला आला, मग तो शेजारी असो, भाडेकरू असो की खातं मागणारा विद्यार्थी, मावशी त्याला चटणी भरून एक वाटी पाठवते. पाठवते आणि विसरून गेल्याचं नाटक करते. खरं तर तिथून पुढे तिचा एक डोळा त्याच्या दारावर असतो. वाटी त्याच संध्याकाळी धुऊन परत आली तर माणूस चांगला, पण उतावळा. असा माणूस न वाचता सही करतो. रिकामी आली तर संपलंच. रिकामं भांडं परत करू नये हे ज्याच्या आईने शिकवलं नाही त्याला उधार द्यायची नाही. वाटी आलीच नाही आणि चार दिवसांनी त्याच्याकडे त्याच वाटीने आमटी वाढताना दिसली तर त्याचा विषय निघाला की मावशी नुसती हसते. पण दोन-चार दिवस जाऊ देऊन, वाटीत घरात असेल ते, मग ते मूठभर साखर का असेना, घालून जो आणून देतो, तो पास. मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आलो, आमचं लग्न ठरायच्या बेतात होतं, तेव्हा माझ्याही खोलीवर अशी वाटी आली होती. आम्ही तिघं मित्र राहत होतो, घरात खायचं म्हणावं असं काही नव्हतं. पण आजीची शिकवण आठवली. वाटी घासली आणि तिच्यात हॉटेलच्या पार्सलबरोबर आलेल्या टोमॅटो सॉसच्या पुड्या घालून नेऊन दिली. मावशीने पुड्या मोजल्या आणि माझ्या होणाऱ्या बायकोला सांगितलं, "कडकी आहे पोराची, पण रीत माहीत आहे. कर." आमच्या पत्रिका नंतर बघितल्या.

तर अशा या बाईवर संशय घ्यायची पाळी कुणाची आली, तर एका बँकेची.

झालं असं की मलगीच्या मालकांनी मलगी विकायला काढली. मालक म्हणजे एक वयस्कर, फार हळू बोलणारे गृहस्थ; सगळा रस्ता त्यांना बडे मियाँ म्हणतो. त्यांचा मुलगा परदेशात. तो म्हणतो इथलं सगळं विकून टाका. शेजारचा मोबाइलवाला रोख पैसे घेऊन उभाच होता. पण बडे मियाँनी मावशीला बोलावून सांगितलं, "बाई, पैला हक तुम्हारा है. रमजान ईद तक मैं किसी से बात नक्को करता. लेना है तो बोलो, नहीं लेना तो बी बोलो." काका, म्हणजे मावशीचे यजमान, काही वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नाही. त्यांच्या पेन्शनमधला मावशीला मिळतो तो तुकडा आणि ही मलगी, यावर तिचं घर चालतं. मलगी गेली तर नुसतं दुकान जाणार नव्हतं, चारचौघांत ताठ मानेने बसायची जागा जाणार होती. तिने साठवलेले होते, अगदीच कमी नव्हते. पण निम्म्याच्या वर कर्ज काढावं लागणार होतं. मावशीने दोन दिवस बडे मियाँ एवढे चांगले कामून वागतायत यावर विचार केला आणि तिसऱ्या दिवशी मला घेऊन बँकेत गेली.

बँकेत एक तरुण तेलुगू मुलगी होती, केसात मोगरा, गळ्यात ओळखपत्र. तिने मावशीचे कागद घेतले. विवरणपत्रं ठीक, दुकानाचा परवाना ठीक, खात्यावरची शिल्लक ठीक. मग तिने कॉम्प्युटरवर काहीतरी बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "आंटी, आपका स्कोअर मायनस वन आरा."

मावशी माझ्याकडे वळली. "शून्यबी नाही?"

मी समजावलं की हे गुण कमी पडलेत असं नव्हे. परीक्षेलाच बसला नाहीत, म्हणून निकाल नाही. तुम्ही आजवर कधी कर्ज घेतलं नाही, त्यामुळे तुमचं रेकॉर्डच नाही. यावर मावशीने विजयी मुद्रेने त्या मुलीकडे पाहिलं. रेकॉर्ड नसणं ही तिच्या मते भल्या माणसाची पहिली खूण होती. रेकॉर्ड असतं त्यांना पोलीस शोधत येतात. ती मुलगी बिचारी गोड होती. ती म्हणाली, "आंटी, कभी कुछ तो किश्तों पे लिये होंगे?"

"घेतलं ना. स्कूटर घेतली, फ्रिज घेतला, मोठा मिक्सर घेतला. एक हप्ता चुकला नाही. विचारा कुणालाबी."

मुलीने आशेने परत बोटं चालवली. स्कूटर काकांच्या नावावर. फ्रिज काकांच्या नावावर. घरातल्या एकूण एक भांड्यावरसुद्धा नाव काकांचं घातलेलं. मावशी म्हणाली, "अगं, पण पोळ्या लाटून हप्ते मी भरले. ते सही करायचे, पैसे मी द्यायची. ते कुठे लिहिलंय?"

"वो अंकल के हिस्ट्री में होगा, आंटी."

"ते तर गेले."

"हौ आंटी," ती मुलगी म्हणाली. मला त्या कॉम्प्युटरचा मनस्वी राग आला. हप्ते हिने भरले आणि इतिहास त्यांचा झाला, आणि ते जाताना तो आपल्याबरोबर घेऊनही गेले.

त्या मुलीनेच मग मार्ग सुचवला. बँकेत एक ठेव ठेवायची, तिच्या जोरावर एक क्रेडिट कार्ड मिळेल, ते थोडं थोडं वापरायचं आणि बिल आलं की वेळेत भरायचं. सहा महिने असं केलं की इतिहास तयार होतो. मावशीने हे दोनदा ऐकलं. "म्हणजे माझेच पैसे तुम्ही ठेवून घेणार, मग मलाच उधार देणार, आणि वर मी ते परत करते का हे बघणार?" मुलगी म्हणाली, हौ. मावशीने समोरचं पेन सही करायला उचललं, तर ते दोरीने टेबलाला बांधलेलं. तिने दोरी ओढून बघितली. "पाच रुपयांचं पेन बांधून ठेवता आणि मला भरवशाचं विचारता," ती म्हणाली. पण सही केली. मलगीसाठी केली.

घरी परत येताना रिक्षात ती धुसफुसत होती. कार्ड म्हणजे काय, बिल म्हणजे काय, आधी खर्च आणि मागून पैसे ही कसली रीत, तिला काही केल्या पटत नव्हतं. तेव्हा मी आपली हुशारी चालवली. म्हटलं, "मावशी, तुम्ही नव्या माणसाला वाटी पाठवता ना? तसंच समजा. बँकेने तुम्हाला वाटी पाठवलीय. ती कशी परत येते ते बघतायत." तिचा चेहरा एकदम उजळला. "असं होय," ती म्हणाली, "मग आधी सांगायचं ना. वाटीचं मला कोणी शिकवू नये." मी खूश झालो. आयुष्यात काही वाक्यं आपण इतक्या नेमक्या वेळी बोलतो की पुढे त्यांचा हिशोब चुकता करताना नाकी नऊ येतात, त्यातलं हे होतं.

पहिल्या महिन्यात मावशीने कार्डावर चहापत्तीचा एक पुडा आणला. बिल आलं. तिने दोन-चार दिवस मुद्दाम जाऊ दिले, कारण लगेच परत करणं उतावळेपणाचं. दिवस कोणता हेही बघितलं. शुक्रवारी घरातली लक्ष्मी बाहेर जाऊ द्यायची नाही हे ती इथल्या तेलुगू शेजारणींकडून शिकली होती, आणि दिवेलागणीनंतर पैसे द्यायचे नाहीत हे माहेराहून घेऊन आली होती. त्यामुळे बुधवारी, भर दुपारी, माझ्या बायकोकडून मोबाइलवरून पैसे भरून घेतले. चहापत्तीचे पैसे भरले आणि वर एकशेएक रुपये घातले. बायकोने विचारलं, "हे कशाला?" मावशी म्हणाली, "रिकामी वाटी परत करतात का?"

माझ्या बायकोला वाटलं असेल काही नियम. मला ती बोललीच नाही. पुढच्या महिन्यात मावशीने साबण आणला. आधीचे एकशेएक कार्डावर जमाच होते, त्यामुळे बिल आलं ते शून्याचं. मावशीला हे बँकेचं सौजन्य वाटलं. एवढ्या मोठ्या घराने साबणाचे पैसे मागितले नाहीत, तर आपण काय कमीपणा घ्यायचा? तिने पुन्हा एकशेएक भरले. असं दर महिन्याला चाललं. तिने खिचडीचे तांदूळ आणले, बँकेने बिल पाठवलं नाही, तिने वाटी भरून पाठवली. चौथ्या महिन्यात मी सहज तिचं खातं उघडून बघितलं आणि डोक्याला हात लावला. मावशीवर एका पैचं देणं नव्हतं. उलट बँकच तिची देणेकरी झाली होती. मी हे तिला सांगितलं तर तिचे डोळे बारीक झाले. "मग परत कधी करणारेत, विचारा. तारीख लिहून घ्या."

इकडे बँकेचंही डोकं फिरलं. कोणी बाई दर महिन्याला कार्डावर जादा पैसे का भरते आहे, हे त्यांच्या यंत्रणेला संशयास्पद वाटलं. त्यांनी सगळे जादा पैसे तिच्या खात्यावर परत पाठवले आणि कार्ड थांबवलं. आता या घटनेकडे मावशीच्या बाजूने बघा. आपण पाठवलेली भरली वाटी समोरच्याने जशीच्या तशी, आत घातलेलं न चाखता, परत आपल्या दारात आणून ठेवली. याहून मोठा अपमान नाही. ती संध्याकाळपर्यंत काही खाईना. बँकेतल्या त्या मुलीने विचारपूस करायला फोन केला, तर मावशीने आवाज बदलून सांगितलं की या नंबरावर अशी कोणी बाई राहत नाही. बँकेतून बोलतोय म्हणणारे सगळे भामटे असतात, हे तिने टीव्हीवर ऐकलं होतं. मुलीने परत फोन केला. तेव्हा मावशी म्हणाली, "बँकेतून बोलतेस ना? मग मी आले होते तेव्हा काय बोलले होते, सांग."

ती मुलगी म्हणाली, "आप पेन की दोरी पे गुस्सा हुए थे, आंटी."

मावशीने फोन कानापासून दूर धरला आणि मला म्हणाली, "हौ, हीच ती."

आम्ही परत बँकेत गेलो. मुलीने कार्ड परत सुरू करून दिलं, मावशीला शेजारी बसवून घेतलं आणि शांतपणे समजावलं. इतिहास वाढतोय तो देणं आणि फेड यांचा. देणंच नाही तर फेड कुठली दिसणार? त्यामुळे एवढे महिने जवळपास फुकट गेले. पुढे बिल येईल तेवढंच भरायचं. एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही.

"तेवढंच? मोजून?" मावशी म्हणाली. तिला खरोखर धक्का बसला होता. "अगं लेकरा, जेवढ्यास तेवढं परत करतात ते नातं संपवायला. जरा उरवायचं असतं, इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. त्यावर तर येणंजाणं राहतं."

मला तिचं म्हणणं त्या क्षणी पुरतं पटलं. ती मुलगी मात्र म्हणाली, "आंटी, बँक कू रिश्ता नक्को. तारीख होना."

मावशी उठली. "तारीख पाहिजे ना," ती म्हणाली, "देते."

पण मध्ये ईद होती. ईदपर्यंत तर बडे मियाँ थांबणार होते, आणि मावशीचा इतिहास आत्ता कुठे सुरू होत होता. म्हणजे थांबा म्हणून विनंती करायला त्यांच्याकडे जाणं आलं. आयुष्यात मावशीने कधी कुणाकडे कशाची मुदत मागितली नव्हती. त्या दिवशी तिने दोन वेळा चप्पल घातली आणि दोन वेळा काढली. शेवटी मीच रिक्षा बोलावली. बडे मियाँ व्हरांड्यात बसले होते. मावशीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, वाटीसकट. म्हणाली, दसऱ्यापर्यंत थांबाल का. त्यांनी वाटीचा भाग पुन्हा एकदा सांगायला लावला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, इतने बरस से पैली तारीख कू किराया आरा. एक बार बी मेरे कू पूछना नहीं पडा. वो कंप्यूटर कू मालूम नहीं तो उसकी गलती है. दसरे तक ठैरता मैं. बेटे कू मैं समझाता."

बाहेर आल्यावर मावशी पदराने नाक पुसत राहिली. मी विचारलं, बरं वाटलं ना? ती म्हणाली, "वाटलं. पण मला संशय येऊलालाय. एवढा चांगला माणूस असतो का?"

त्यानंतरचे महिने मावशीने कार्डाशी जो संसार केला तो काकांशीही एवढ्या शिस्तीत केला नसेल. दर महिन्याला दुकानाची कणीक आणि तेल कार्डावर आणायचं, बिल आलं की पै न् पै बघायचं आणि तेवढंच भरायचं. मुदत शुक्रवारी संपत असली की गुरुवारीच. जास्तीचा रुपया घालायला तिचे हात शिवशिवायचे, तेव्हा ती मोबाइल माझ्या बायकोच्या हातात देऊन स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. पोरं खातं मागायला आली की हल्ली वाटीबरोबर सल्लाही मिळायला लागला, "लेकरा, नाव आपलं घाल बरं का कागदावर. पैसे देणारं वेगळं नि नाव वेगळं, असं करू नको." पावसाळा सरता सरता एक दिवस त्या मुलीचा फोन आला. मावशीने तिला पेनाविषयी काही न विचारता फोन घेतला. इतिहास झाला होता. पहिल्याच खेपेला चांगले गुण पडले होते. मावशीने तो आकडा माझ्याकडून दोनदा ऐकला आणि म्हणाली, "एवढे कामून दिले असतील?"

दसऱ्याच्या आधी कर्ज मंजूर झालं. सह्या करायला आम्ही गेलो तेव्हा मावशीने कागद दोनदा वाचून घेतले, माझ्याकडून एकदा आणि मी गाळतो की काय म्हणून बायकोकडून एकदा. फेडीची मुदत बारा वर्षं. तिने आकडा बोट ठेवून बघितला. सगळ्या सह्या झाल्यावर त्या मुलीने अजून एक कागद पुढे सरकवला आणि जरा चाचरत म्हणाली, "आंटी, ये कर्जे का इन्शुरन्स है. आपको कुछ हो गया तो बाकी पैसा ये लोग भरते. किसी का क्या भरोसा, आंटी."

मी मनात म्हटलं, भरोसा नसण्याबद्दल ही पोरगी कुणाला सांगतेय. पण मावशीने तो कागद बोटाने परत तिच्याकडे सरकवला. "मेरे कू कुछ नहीं होता," ती म्हणाली. "बारा साल बोली ना मैं? बारा साल मैं कहीं नहीं जाती." मी समजूत घातली, विमा घेतलेला बरा असतो वगैरे. शेवटी तिने माझ्यासाठी म्हणून सही केली, पण मुलीला बजावलं की हा विमा वाया जाणार, मला नंतर बोलायचं नाही.

बँकेच्या पायऱ्या उतरताना मी तिच्याकडे बघत होतो, आणि इतके दिवस डोळ्यांसमोर असूनही न दिसलेली गोष्ट मला त्या दिवशी दिसली. काका गेल्यापासून या बाईने टिकाऊ असं काही घेतलंच नव्हतं. चहापत्तीसुद्धा लहान पुड्याने. वर्षाचा मसाला करायचं बंद झालं होतं, जरूर लागेल तसा पावशेर. एका डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता, डॉक्टर दोन वर्षं शस्त्रक्रिया करून घ्या म्हणत होते, आणि ती म्हणायची, आता कशाला, किती दिवस राहिलेत. आम्ही समजत होतो तिचा डॉक्टरवर विश्वास नाही. तिचा डॉक्टरवर नसला तर नसेल, पण त्याहून जास्त तो स्वतःच्या उद्यावर नव्हता, आणि आम्ही घरातले लोक एवढं साधं ओळखू शकलो नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

रस्त्यावर आल्यावर ती थांबली. "जावईबापू," ती म्हणाली, "त्या डोळ्याच्या डॉक्टरकडे वेळ घेऊन ठेवता का? बारा वर्षं पोळ्या लाटायच्या, तर करपलेली दिसायला नको?"

मी हो म्हटलं.

"ते गेल्यापासून पुढच्या महिन्यात मी असेन का, हे कुणाला पडलेलंच नव्हतं हो," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात म्हणाली, तक्रार नव्हती त्यात. "आता दर महिन्याला कुणीतरी माझी वाट बघणार."

ती वाट बघणारं एक यंत्र आहे, हे मी तिला सांगू शकलो असतो. आणि खरं सांगायचं तर ते यंत्राचं काम नव्हतं, आमचं होतं. मी तिथेच उभ्या उभ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला आणि जवळात जवळची वेळ मागितली.